पेटीत सहा चकत्या

पहिला पीरियड

राजकुमारनं वाळूजमधली नोकरी सोडून रबराचा छोटा कारखाना टाकला, तेव्हापासून त्याचे वडील अप्पाराव त्याच्याशी बोलत नव्हते. कारखानाही जवळपास गप्पच होता. मग फिनलंडहून विचारणा आली. तिथल्या सगळ्यात वरच्या आइस हॉकी लीगमधल्या एका संघाला सरावासाठी पक हवे होते. पक म्हणजे रबराची जाड, काळी चकती. बर्फावरच्या हॉकीत चेंडूच्या जागी असते; सामना तीन पीरियडचा. अट एकच. चकती गोठवायची, मीटरभर उंचीवरून फरशीवर टाकायची. उसळता कामा नये. व्हिडिओ आज चारपर्यंत, नाहीतर ऑर्डर विसरा.

मे महिना. पुंडलिकनगरातल्या घरचा फ्रीज पाणीसुद्धा नाखुशीनं गार करत होता. कुल्फीवाला म्हणाला, "कुल्फीला टायरचा वास येईल, भाऊ. लोक मला मारतील."

उरली गल्लीच्या मंडळाची पेटी. मयत गार ठेवायची. ती उणे आठपर्यंत जाते.

"येड लागलंय का तुम्हाला?" त्याची बायको रूपाली म्हणाली.

"रिकामीच हाय. आज कुणी मेलं नाय."

स्कोअर: ऊन एक, राजकुमार शून्य.

दुसरा पीरियड

पेटी वैकुंठरथातून आली, कारण दुसऱ्या गाडीत मावत नव्हती. रथ सुरू केला की भजन आपोआप लागतं. पेटी दारातून आत जाईना, म्हणून ओट्यावर ठेवली. सहा चकत्या आत मांडल्या. काच तापू नये म्हणून रूपालीनं वर पांढरी चादर टाकली. राजकुमार मोजपट्टी आणायला कारखान्यात गेला. अप्पाराव सकाळीच हर्सूलला मित्राकडे गेले होते. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता.

शेजारच्या मालनबाईंनी भजन ऐकलं, चादर पाहिली आणि गळा काढला. "अप्पाराऽव! काल तर माझ्या दारात पाणी मागितलं वोऽ!"

रूपाली धावत बाहेर आली. "मावशी, मामा हर्सूलला गेलेत. पेटीत रबर हाय."

मालनबाईंनी तिला पोटाशी धरलं. "सासऱ्यावर लई जीव होता पोरीचा. डोक्यावर परिणाम झालाय. रडू द्या तिला."

हार आले. उदबत्ती लागली. कुणीतरी बांबू सांगूनही आला.

स्कोअर कुणी लिहिला नाही. सगळे रडत होते.

तिसरा पीरियड

रिक्षातून अप्पाराव उतरले. मालनबाईंचा हुंदका अर्ध्यात थांबला. अप्पारावांचं मात्र कुणाकडे लक्ष नव्हतं. आपल्या ओट्यावर पेटी. गल्ली सगळी हजर, मुलगा तेवढा नाही. ते चादरीवर कोसळले.

"राज्या! तुझ्या रबराला मी लई नावं ठिवली रे! एकदा तरी बोलायचं होतं तुझ्याशी!"

"अप्पा?"

मागं राजकुमार उभा होता, हातात मोजपट्टी घेऊन.

अप्पारावांनी त्याच्याकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि त्याच्या थोबाडीत एक ठेवून दिली. "मग आत कोण हाय?"

"चकत्या."

चार वाजत आले होते. राजकुमारनं हार बाजूला सारले, चादर ओढली, एक चकती काढली. गाल लाल, डोळे भरलेले. रूपालीनं मोबाइल धरला. चकती पडली. टप्. पडली तिथंच राहिली. मागं मालनबाईंना पुन्हा रडू फुटलं, या वेळी रागानं.

व्हिडिओ गेला.

जादा वेळ
(निकाल लागला नाही तर खेळतात.)

संध्याकाळी उत्तर आलं. रूपालीनं मराठी करून वाचलं.

"चकती उत्तम. पण व्हिडिओत तुमच्या घरचं दुःख दिसलं. अशा दिवशीही तुम्ही आमचं काम केलंत, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. तुम्हाला आणखी त्रास नको, म्हणून या हंगामाची ऑर्डर दुसरीकडे देत आहोत. गेलेल्याच्या आत्म्याला शांती लाभो."

"कळवा की, कुणी मेलं नाय म्हणून," रूपाली म्हणाली.

"मग पेटी कशाला होती, ते पण सांगावं लागंल."

मंडळाचा माणूस पेटी न्यायला आला. हर्सूलकडे खरंच कुणीतरी वारलं होतं.

अप्पारावांनी झाकण उघडून चकत्या एकेक बाहेर काढल्या. शेवटची हातातच ठेवली. मग मुलाशेजारी बसून त्यांनी ती त्याच्या सुजलेल्या गालावर धरली.

"माल चांगला हाय," ते म्हणाले.