डोळे बाकी आहेत

अमळनेरचे प्रकाशनाना चित्राची सुरुवात कानांपासून करतात. कोऱ्या कॅनव्हासवर नुसते दोन कान, बाकी चेहऱ्याचा पत्ता नाही. "त्याले ऐकू उनं म्हंजे माले बोलता येस," असं त्यांचं म्हणणं. मग रंग वाळायच्या आत ते त्या कानांना कापसाचे भाव सांगतात, नगरपालिकेला शिव्या देतात, "खोटं सांगस का मी?" असं विचारतात, आणि उत्तर आलं नाही की नाक काढायला घेतात.

त्यांच्याकडे येणारी गिऱ्हाइकं बहुतेक गेलेल्या माणसांचीच चित्रं काढून घेतात. आमचे आबा धुळ्याच्या दवाखान्यात होते, तेव्हा काकांनी घरात कुणालाही न विचारता आबांचा फोटो नानांकडे पोचवला. गंधमुक्तीला, म्हणजे उत्तरकार्याच्या दिवशी, हार घालायला चित्र लागतं, आयत्या वेळी धावपळ नको, हा त्यांचा विचार. मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. जिवंत माणसाची ही आगाऊ तयारी? आधी काकांशी भांडलो, मग नानांशी भांडायला गेलो.

नाना आबांच्या चित्राशी गप्पा मारत बसले होते. टोपी, मिशा, गालावरचा चामखीळ, सगळं हुबेहूब. डोळ्यांच्या जागी मात्र दोन पिवळट डाग. काका रोज फोन करायचे आणि नाना रोज नवी सबब सांगायचे. पांढरा रंग संपला. ऊन बरोबर पडत नाही. ब्रशचे केस गळतात. पांढऱ्याची भरलेली ट्यूब तर माझ्यासमोरच पडलेली होती.

मी जाब विचारला. नाना हळूच म्हणाले, "बठ्ठं व्हयनं. डोया बाकी शेतस. डोया काढात का मानूस भितवर जास."

चित्रात डोळे भरले की जिवंत माणूस जातो, अशी त्यांची समजूत होती. मी गावात अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटणारा; ही शुद्ध अंधश्रद्धा आहे, असं त्यांना ठणकावून सांगितलं.

"शे ना," नाना म्हणाले. "तू तुन्हं पत्रक काढ. मी डोया काढत नही."

पुढच्या आठवड्यात आबा घरी आले. आल्या आल्या भाकरी मागितली आणि भाजीत मीठ कमी म्हणून आईवर तडकले. आईला रडू की हसू कळेना. मी गाडी काढून थेट नानांकडे गेलो.

बातमी ऐकून नाना मटकन स्टुलावर बसले. रंगाच्या फडक्यानंच तोंड पुसलं, गालभर निळा रंग फासला गेला. मग उठून त्यांनी पांढऱ्याची अख्खी ट्यूब पिळली आणि आबांचा चेहरा झाकायला सुरुवात केली. स्वतःचं चांगलं चित्र इतक्या आनंदानं पुसणारा चित्रकार मी पाहिला नव्हता. मीही एवढा हलका झालो होतो की अंधश्रद्धेवरचं भाषण तोंडाशी येऊन तसंच परत गेलं.

मधेच त्यांचा हात थांबला.

"सुमननं चित्र मी टायमावर पुरं करं व्हतं," ते म्हणाले. सुमन म्हणजे त्यांची गेलेली बायको. "दवाखानामाईन घर येई तव्हय दखाडसू, म्हनीसन."

नानांनी उरलेला पांढरा रंग कडेपर्यंत नीट पसरवला.

ब्रश धुताना त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, आबा आता कितपत चालतात? मी म्हणालो, अंगणापर्यंत.

"बरं चालाले लागनात म्हंजे आबाले आठे लई ये," नाना म्हणाले. "चित्र नही काढाव. नुसतं बसूत."