हवेत विमान, जबड्यात दाढ

दुपारचे चार. दाताच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत आडवा, इंजेक्शनने त्याचा गाल बधिर, पक्कड डॉक्टरांच्या हातात. त्याच वेळी आतल्या खोलीतून एका बाईचा करडा आवाज आला.

"कॅप्टन, तुम्ही माझ्या हद्दीत शिरला आहात. उत्तर द्या."

पेशंटने डोळे उघडले. डॉक्टरांनी मिटले.

आतल्या खोलीत डॉक्टरांचा संगणक होता आणि संगणकावर त्यांचं विमान. जगभरातली माणसं हा खेळ एकाच आभाळात खेळतात. कोणी विमान चालवतं, कोणी त्या बाईसारखं विमानतळाच्या मनोऱ्यात बसून रेडिओवरून विमानांना वाट देतं. उड्डाणं पुरी करायची, त्यावर नवी विमानं मिळवायची आणि आपल्या हँगरमध्ये लावून ठेवायची. डॉक्टरांनी एका पंख्याच्या विमानापासून सुरुवात करून हँगर भरत आणला होता. राहिलं होतं ते चार इंजिनांचं मालवाहू. ते आज चाचणीपुरतं हातात आलं होतं. नीट उतरवलं तर कायमचं त्यांचं. आपटलं तर ते जाणारच, शिवाय हँगर रिकामा, आणि पुन्हा एका पंख्यापासून सुरुवात.

डॉक्टर निष्काळजी नव्हते. सकाळी विमान सोडायचं, पुढची वाट त्याची त्याला कापू द्यायची, दरम्यान दात काढायचे आणि शेवटचा पेशंट गेला की उतरवायला बसायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. पण या खेळातला वारा खऱ्या हवामानावरून घेतात. आज तो पाठीमागून सुटला आणि विमान वेळेआधी पोचलं.

"डॉक्टर, आत कोण आहे?" पेशंटने अर्ध्या तोंडाने विचारलं.

"कोणी नाही, सर. आ करा."

हे सर म्हणजे गाडी चालवायला शिकवण्याचा क्लास चालवणारे. त्यांच्या शेजारी बसून शिकलेली माणसं पुढे आयुष्यभर ते रस्त्यात दिसले की नकळत सीटबेल्ट चाचपत, पायी चालत असली तरी. डॉक्टर त्यांचेच विद्यार्थी. शिकाऊ माणसांच्या गाडीत रोज जीव मुठीत धरून बसणाऱ्या सरांना भीती फक्त या खुर्चीची होती. ही दाढ त्यांनी महिनाभर टोलवली होती. आज बायकोने दारापर्यंत आणून सोडलं होतं आणि ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली होती, ते निसटू नयेत म्हणून.

"कॅप्टन, शेवटचं विचारतेय."

डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बाहेर नंबर देत बसलेल्या आत्याला हाक मारली. "आत्या, आत जाऊन त्या बाईला सांग, मी पेशंटमध्ये आहे म्हणून."

"कुठलं बटण दाबू?"

"कुठलंच नको. नुसतं बोल. तिला ऐकू जातं."

आत्याने तो संगणक आजवर फक्त पुसला होता. ती लांबच उभी राहून बोलली. "अहो बाई, येतोय तो. पेशंट आहे ना. फार घाबरलाय बिचारा, हातपाय गार पडलेत."

बाईने घाईने विचारलं, "पेशंट कॅप्टनच्या सोबतच आहे?"

"सोबतच आहे. हात धरून बसलाय त्याचा."

हे मात्र खरं होतं. सरांनी डॉक्टरांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"सर्व विमानांनी लक्ष द्या," बाईचा आवाज एकदम बदलला. "मालवाहू विमानात रुग्ण अत्यवस्थ आहे. धावपट्टी त्यांच्यासाठी मोकळी ठेवा. बाकीच्यांनी वरच घिरट्या घाला."

आत्या बाहेर आली. "फार चांगली बाई आहे रे. सगळ्यांना थांबवलंन तुझ्यासाठी."

 आता आभाळभर माणसं आपापलं इंधन जाळत डॉक्टरांच्या उतरण्याकडे बघत राहणार होती. पक्कड थरथरू लागली. सरांनी ती जवळून पाहिली.

"हे हात माझ्या तोंडात घालायचे नाहीत," ते म्हणाले. "आधी ते जे काय आहे ते उतरवा."

"इंजेक्शनचा असर जाईल, सर."

"जाऊ दे."

दोघे आत गेले. डॉक्टर संगणकासमोर बसले, सर छातीवरच्या कागदी रुमालासकट शेजारी. समोर धावपट्टी दिसू लागली, आधी दोऱ्याएवढी, मग पट्टीएवढी. सरांचा उजवा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक दाबू लागला. विमान जमिनीला टेकणार, तेवढ्यात सरांच्या मनात लख्ख उजेड पडला. हे विमान उतरलं की लगेच दाढ.

"वेग जास्त आहे," सर म्हणाले.

"बरोबर आहे, सर. इथं एवढाच लागतो."

"मला शिकवू नकोस. वर घे."

'तुम्ही'चं 'तू' झालं आणि डॉक्टर पुन्हा शिकाऊ झाले. त्यांनी विमान वर घेतलं. वर घिरट्या घालणाऱ्यांपैकी कोणीतरी हळहळलं. "धीर सोडू नका, कॅप्टन," बाई म्हणाली.

दुसऱ्या वेळी सरांना विमान तिरकं वाटलं. तिसऱ्या वेळी आरशात बघितलं का, असं त्यांनी विचारलं. विमानाला आरसा नसतो हे सांगेपर्यंत धावपट्टी मागे गेली. सरांनी जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता, पण आवाज तोच होता, आणि त्या आवाजापुढे डॉक्टरांचं कधीच काही चाललं नव्हतं. इंधनाचा काटा लाल रेघेवर आला. वरून एकाने कळवलं की आपलंही इंधन संपत आलंय, पण रुग्णाचा जीव महत्त्वाचा.

मग सरांनी गाल चाचपला. तो त्यांना जाणवला. मागोमाग दाढही जाणवली, आधी टोचल्यासारखी, मग घणाचे घाव पडावेत तशी. त्यांनी टेबलाची कड धरली.

"उतरव आता," ते म्हणाले. "लवकर."

डॉक्टरांनी समोर पाहिलं. धावपट्टी सरळ होती, वेग बेताचा होता, वारा पडला होता. नाही म्हणायला एकही कारण नव्हतं. इतकी वर्षं जमवलेली सगळी विमानं त्या एका पट्टीवर पणाला लागलेली होती, आणि त्यांचे हात बर्फासारखे गार होते.

"सर," ते म्हणाले, "वेग जास्त वाटतोय."

आणि त्यांनी विमान वर घेतलं.

दारात सरांची बायको येऊन उभी राहिली. "झालं का हो?"

"होतंय," दोघे एकदम म्हणाले.

आत्याने मधल्या वेळात रेडिओवरच्या बाईला रुग्णाची प्रकृती कळवली आहे : जागा आहे, बोलतो आहे, पण रडू आवरत नाही. त्यानंतर काही कळलेलं नाही. विमान हवेत आहे, दाढ जागेवर आहे, आणि दवाखान्याचं दार सरांच्या बायकोने आतून लावून घेतलं आहे.