कान दाखवा, मग कॉफी

बंगळुरूच्या बसवनगुडीत एकट्या राहणाऱ्या गोदाक्कांकडे कॉफी मिळण्याआधी कान दाखवावा लागे. पाहुणा दारात आला की अक्का चष्मा चढवत, "स्वल्प वाक" म्हणत आणि कानामागे, मानेवर, कॉलरखाली गोचीड शोधत. माणसं चपला दारात काढतात, तशा गोचिडीही दारातच काढाव्यात, असं त्यांचं साधं म्हणणं. सापडली तर चिमट्याने अलगद उचलून साबणाच्या पाण्यात. चपलेखाली घेणाऱ्याचा उद्धार होई. "चिरडतोस काय? ताप तिच्या पोटात असतो!"

नव्वदच्या दशकात मी जगातल्या सर्व अन्यायांविरुद्ध पत्रकं काढत होतो. 'भटक्या कुत्र्यांवरील दडपशाही थांबवा!' हे ताजं पत्रक अक्कांनी शेवटपर्यंत वाचलं. "सरी, ठीक आहे. पण यात गोचीड कुठाय?"

दडपशाहीच्या पत्रकात गोचीड कशाला, हे करिया आजारी पडल्यावर कळलं. करिया म्हणजे गल्लीतला काळा कुत्रा. त्याने खाणं सोडलं, नाकातून रक्त येऊ लागलं. जनावरांच्या डॉक्टरांनी गोचिडीचा ताप सांगून गोळ्या दिल्या. अक्कांनी त्याला थेट हॉलमध्ये घेतलं. तिथे मलासुद्धा पाय धुतल्याशिवाय प्रवेश नव्हता. इडलीत गोळी दडवून त्या त्याला भरवू लागल्या.

शेजारचे मूर्ती दारात आले. "अक्का, रोग पसरेल. घरात लहान मुलं आहेत. उद्या कुत्र्यांची गाडी बोलावतो."

त्या गाडीतून गेलेला कुत्रा परत येत नसे. मी मुठी आवळून भाषणाला उभा राहिलो.

"तू बस," अक्का म्हणाल्या. "मूर्ती, स्वल्प वाक."

मूर्ती सवयीने वाकले. कॉलरखाली गोचीड निघाली, चांगली टपोरी. मूर्ती कुत्र्याच्या वाऱ्याला उभे राहत नसत; मात्र रोज सकाळी कोपऱ्यावरच्या गायीला केळं भरवून तिच्या गळ्यात पडत.

अक्कांनी चिमटा त्यांच्या नाकापुढे धरला. "गाडी कुणासाठी बोलावतोस? गायीसाठी की तुझ्यासाठी?"

गाडी आली नाही. मूर्तींनी स्वतः त्या गायीच्या गोठ्यात औषध फवारून घेतलं. करिया बरा झाला आणि कृतघ्नपणे पुन्हा गल्लीत राहायला गेला. अक्कांची तपासणी मात्र चालूच.

एकदा मी वैतागून विचारलं, "अक्का, इतक्यात एक तरी सापडली का?"

"नाही," म्हणत त्यांनी चिमटा डबीत ठेवला. त्या दिवशी कॉफी नुसतीच मिळाली. मी पीत होतो तेवढा वेळ त्या हातातली डबी उघडमीट करत होत्या.

पुढच्या वेळी मी दारातच मान वाकवली. "अक्का, काहीतरी वळवळतंय. बघा जरा."

काहीच नव्हतं. त्यांनी बराच वेळ शोधलं.