मी एका नायकाची बाजू घेते

चौदा वर्षांत माझा एकही नेम मोडलेला नाही! फुशारकी नाही ही, देवाची कृपा आहे. पण कृपा असली तरी सांगितल्याशिवाय लोकांना कशी कळणार?

नेम तसे तीनच. पहाटे उठून जप. दुपारी चार ते पाच मौन. आणि तिसरा, रोज अशा एका माणसाबद्दल चांगलं बोलायचं ज्याला जगाने नावं ठेवली आहेत. पहिल्या दोन नेमांना मी एकटी पुरते. तिसऱ्याला मात्र बाहेरून माणूस लागतो, आणि नावं ठेवणारेही लागतात. मी काम करते तिथे दोन्हींचा तुटवडा नाही. इस्पितळांचे गणवेश शिवायचा कारखाना आहे आमचा. कापायचं लांब टेबल, तीन मशिनं, कोपऱ्यात पडदा लावून केलेली माप घ्यायची जागा, आणि खिडकीपाशी माझं काज-बटणाचं टेबल. तिथे मालकांना दिवसातून दहा वेळा तरी शिव्या बसतात. मी हळूच म्हणते, "पण पंखे किती गार वाऱ्याचे बसवलेत हो त्यांनी!" झाला नेम.

त्या शनिवारी मालकच गावाला गेले होते. शिव्या घालायला कोणी उरलं नाही! साडेतीन वाजले तरी माझा नेम कोरडा. मी बटणं लावता लावता देवाला म्हटलं, कोणाला तरी नावं ठेवायची बुद्धी दे रे यांना.

आणि कापडाच्या कडा शिवणारी इंटरलॉकवाली बोलली, "मला तर तो पहिल्यापासून नालायकच वाटला!"

गेल्या रविवारी आम्ही सगळ्या मिळून एक सिनेमा बघून आलो होतो. आणि आमच्या कारखान्याची एक खोड आहे. सिनेमा बघून आलो की त्यातली माणसं आमच्या नात्यात येतात. नायक, नायिका असं कोणी म्हणत नाही. 'तो', 'ती', 'त्याचं ते पोर'. पुढचा सिनेमा बघेपर्यंत त्यांच्या भानगडी आम्ही घरच्यासारख्या निस्तरतो.

"नालायकच!" मोठ्या मशीनवालीने धागा तोडला. "हिच्याशी लग्न ठरवायचं, आणि गुपचूप दुसरीशी करून बसायचं!"

"अगं, ते लग्न फक्त कागदावरचं," मी म्हटलं. "मित्राची बायको ती. मित्र मेला. पोराला बापाचं नाव मिळावं म्हणून केलं बिचाऱ्याने."

"आणि तुरुंग?"

"दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला. तीन वर्षं! एक शब्द बोलला नाही."

कटर मास्तर कात्री थांबवून म्हणाले, "एक पत्र तरी टाकायचं हिला? एक ओळ?"

"मुका माणूस आहे तो, मास्तर! स्वतःबद्दल बोलायची सवयच नाही त्याला. म्हणून काय मन नाही? अशा माणसाच्या वतीने घरच्यांनी बोलायचं नाही, तर कोणी? मी तर म्हणते, त्याच्यासारखा नवरा मिळायला मुलीचं नशीब लागतं!"

चौदा वर्षांत इतक्या मोठ्या आवाजात मी बोलले नव्हते. म्हणजे शेजारच्या टेबलापर्यंत तरी नक्की गेला असेल. कोपऱ्यातल्या पडद्यापर्यंतही गेला होता, ते मला नंतर कळलं.

चारचे टोले पडले. मी तोंड मिटलं. नेम पुरा, मन प्रसन्न!

तेवढ्यात पडदा सरकला आणि एक बाई बाहेर आल्या. उंच, ताठ, नव्या गणवेशाची एक बाही अजून टाचण्यांवर. कोणत्याशा इस्पितळातल्या हेडनर्स. त्या सरळ माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"काज-बटण करणाऱ्या त्या तुम्हीच ना?"

मी मान डोलावली.

"त्यांचं मौन असतं पाचपर्यंत," इंटरलॉकवाली म्हणाली आणि तिने मशीन चालू केलं. सोमवारची ऑर्डर अंगावर होती. तिन्ही मशिनं खडखडायला लागली.

"असू दे. नुसती मान हलवा," हेडनर्स स्टूल ओढून बसल्या. "माझे निम्मे पेशंट असेच असतात. आतून सगळं ऐकलं मी. हे खरं आहे?"

सिनेमाच्या सुरुवातीला 'सत्य घटनेवरून' अशी पाटी होती. मी जोरात मान डोलावली. कोणीतरी मनापासून ऐकलं होतं माझं! मला बाईंबद्दल एकदम माया वाटली.

त्यांनी खिशातून पेन आणि छोटी वही काढली.

"तुरुंगात किती वर्षं?"

तीन बोटं.

"मूल?"

एक बोट.

"त्याचं स्वतःचं?"

मी 'नाही' म्हणून इतकी मान हलवली की अंबाड्यातली पिन उडून बटणांच्या डब्यात पडली.

"वय?"

सात बोटं.

"आणि ती बाई? सध्या कुठे असते?"

ती बिचारी मध्यंतरानंतर तापाने गेली होती. मी डोळे मिटले, बोट वर केलं.

"वर?"

मी मान डोलावली. वरच.

बाईंनी वहीत काहीतरी लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या. "आणि तरीही या मुलीवर त्याचा खरा जीव आहे, असं तुमचं म्हणणं?"

मी दोन्ही हात छातीवर ठेवले. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या!

"मुलीला यातलं काही माहीत आहे?"

मी खिन्नपणे मान हलवली. तिला अगदी शेवटी कळतं.

"बरं झालं मी आले," म्हणून त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि टाचण्यांसकट निघून गेल्या. मी मनात म्हटलं, आज एक माणूस पालटलं!

आता इथे माझ्या धाकट्या दिरांबद्दल सांगायला हवं. वय अडतीस. चष्म्याच्या दुकानात कामाला. स्वभावाने सोनं, पण बोलतात महिन्याला चार वाक्यं, त्यातली दोन 'हो' आणि एक 'नाही'. सात ठिकाणी जमता जमता फिसकटलं, कारण मुली विचारायच्या आणि हे पायांकडे बघायचे. आठवी मुलगी मात्र टिकली होती. पोस्टात काम करणारी, हसरी, चष्मेवाली. दोनदा भेट झाली, उद्या रविवारी होकार येणार होता. हा होकार हुकला तर भाऊजींनी आमच्याजवळ सांगून ठेवलं होतं, "पुन्हा नको." महिन्यातलं चौथं वाक्य त्यांनी त्यावर खर्च केलं होतं. मला तर रात्रंदिवस तोच घोर.

संध्याकाळी मुलीच्या वडिलांचा फोन आला. यांनी घेतला.

"तुमच्या वरच्या मजल्यावर कोण असतं हो?"

"वर?" हे हसले. "वर कोणी नाही. म्हणजे आहे, पण आम्ही वर्षानुवर्षं बघितलेलं नाही. कुलूप घालून ठेवलंय!"

पलीकडे कोणीतरी कुजबुजलं.

"आणि... तुमच्या भावाला हे माहीत आहे?"

"त्याचंच तर आहे सगळं! लग्नाआधी हलवतो म्हणालाय. एकट्याने उचलवत नाही, दोन माणसं बोलवावी लागतील."

हे भाऊजींच्या जुन्या अवजारांच्या पेटीबद्दल बोलत होते. फोन तिकडून आपटला गेला. "चांगली चौकशी करतात ही माणसं," हे मला म्हणाले. "जागेची अडचण आहे का बघत असतील."

रविवारी पावणेचारला दार वाजलं. मुलगी, मुलीचे वडील, आणि त्यांच्यामागे कालच्या हेडनर्स!

"या माझ्या आत्या," मुलगी म्हणाली. "तुम्ही काज-बटणं कुठे करता ते मीच सांगितलं होतं त्यांना." तिचे डोळे सुजलेले होते.

मी पाण्याचे पेले आणायला वळले.

आत्यांनी चपलाही काढल्या नाहीत. "जिना कुठे आहे?"

"उजवीकडे," हे कौतुकाने म्हणाले. "पण तिसरी पायरी मोडकी आहे हं!"

"म्हणजे उतरता येऊ नये तिला!" आत्या कडाडल्या आणि वर गेल्या. वरून कुलूप खडखडल्याचा आवाज. मग त्यांचा आवाज, दाराच्या फटीतून, अगदी वॉर्डात बोलतात तसा, "घाबरू नकोस बाळ! मी नर्स आहे! तुझा मुलगा कुठे आहे?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीकडे.

खाली मुलीचे वडील भाऊजींना विचारत होते, "तीन वर्षं आत होतात ना तुम्ही?"

"हो," भाऊजी म्हणाले. दुकानात काचा घासायची खोली आत आहे. तीन वर्षं आत काढल्यावर त्यांना बाहेर गिऱ्हाइकापाशी बसवलं होतं!

"आणि हे आमच्यापासून लपवलंत?"

भाऊजींनी पायांकडे बघितलं. मुलगी रडायला लागली. वडील उठले.

आणि घड्याळात चार वाजले.

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. सिनेमा, पडदा, सात बोटं, सगळं! पण चौदा वर्षांचं मौन माझ्या ओठांवर बसलं होतं. मी वडिलांपुढे हात हलवले, बोटाने भिंतीवर मोठा चौकोन काढला, त्यात माणसं नाचतात तसं करून दाखवलं. वडील हबकून दोन पावलं मागे गेले. मुलीला म्हणाले, "चल! सगळं घरच असं आहे."

ते दारापर्यंत पोचले. भाऊजी एकटेच कोचावर, हात मांडीवर ठेवून. काहीही न मागणारा माणूस काहीही न मागता सगळं हरत होता, आणि त्याच्या वतीने बोलायचं ते कालपासून माझ्याकडे लागलं होतं.

देवा, मनात म्हटलं, आजचा दिवस तू तिकडे बघ.

"सिनेमा!!" मी ओरडले. "अहो, सिनेमा होता तो! तुरुंग सिनेमातला! बायको सिनेमातली! ती वर म्हणजे देवाघरी गेली, आमच्या माळ्यावर नाही! माळ्यावर पेटी आहे! आमच्या भाऊजींनी आयुष्यात एक मुंगीसुद्धा चिरडलेली नाही, आणि चिरडली असती तर सात दिवस जेवले नसते!"

वडिलांचा हात दाराच्या कडीवरच राहिला. हे तर उभ्या जागी बसले. लग्नापासून माझा हा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता. वरून आत्यांचा कुलूप हलवायचा आवाज थांबला.

मी एका दमात सगळं सांगितलं. वडिलांच्या चेहऱ्यावर आधी राग, मग गोंधळ, मग ओठांच्या कोपऱ्यात हसू. मुलगी मात्र हसली नाही. ती भाऊजींपुढे येऊन उभी राहिली.

"वहिनी तुमच्यासाठी एवढं बोलल्या. तुम्ही काही बोलणार आहात की नाही?"

मी जप सुरू केला.

"तुमचं डोकं दुखतं ना?" भाऊजी म्हणाले.

"अं? हो! चार महिने झाले. आत्या रोज गोळी देते."

"चष्म्याची डावी दांडी वाकलीय. काच तिरकी बसते. पहिल्या दिवशीच दिसलं." त्यांनी खिशातून नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला. "म्हटलं, पहिल्याच भेटीत कसं सांगायचं. दुसऱ्या भेटीत घेऊन आलो होतो. तेव्हाही जमलं नाही."

एवढी वाक्यं! मी मोजायचं सोडून दिलं.

तिने चष्मा काढून दिला. त्यांनी दांडी दोनदा वाकवली, फुंकर मारली, परत दिला. तिने चष्मा घालून त्यांच्याकडे बघितलं, आणि बघतच राहिली.

"अय्या! तुम्ही असे दिसता होय?"

"चालेल का?" वडिलांनी विचारलं.

"चालेल," ती म्हणाली. आणि भाऊजींनी, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, पायांकडे न बघता तिच्याकडे बघितलं.

तर असं लग्न ठरलं. माझं मौन मोडलं ते मोडलं. दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. कारखान्यात मास्तरांनी तर आता नियमच केला आहे, सिनेमाबद्दल बोलायचं असेल तर आधी पडदा उघडून बघायचा.

आत्या मात्र त्या दिवशी जिन्यावरून उतरल्या त्या तडक घरी गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण परवा स्वतः आल्या कारखान्यात. आजूबाजूला बघून माझ्या मांडीवर एक पिशवी ठेवली. आत हाताने विणलेला निळा स्वेटर. लहान मुलाचा.

"अहो, पण मी सांगितलं ना, तो सिनेमा..."

"कळतं मला," त्यांनी माझा हात दाबला. "घरातल्या चार माणसांपुढे तसंच सांगायला हवं होतं, तुम्ही शहाण्या आहात! माझ्या तोंडून कुठे जाणार नाही. पण त्या पोराचा काय दोष? सात वर्षं म्हणालात ना, बाह्या जरा लांब ठेवल्यात, वाढतं अंग आहे. फक्त काजं तेवढी तुम्ही करा."

मी तोंड उघडलं. मग त्यांचे डोळे बघितले, आणि मिटलं. स्वेटरला सहा काजं केली, बटणं लावली. आता मापाचा मुलगा शोधते आहे. आत्यांनी रविवारी फोटो मागितला आहे!