अकराव्याचा रुसवा

वाघदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नवजात बाळाच्या टाचेतून काढलेल्या रक्ताच्या थेंबात अकरा जण असतात, आणि बाळाच्या अंगात जंतू शिरले आहेत की नाहीत, हे ते सभा भरवून ठरवतात.

थेंब ठेवलेल्या काचेच्या नळीचं बूच काढलं की ते एकेक करून पांढऱ्या ट्रेमध्ये उतरतात. प्रत्येक जण मोहरीएवढा. त्यांची खरी नावं मोटारीच्या नंबरासारखी, अक्षरं आणि आकडे मिळून झालेली. म्हणून वॉर्डात त्यांना पहिला, दुसरा, तिसरा असंच म्हणतात. पहिला हा अध्यक्ष. त्यांचं बोलणं खोलीत सगळ्यांना ऐकू यायला पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी उलटी धरावी लागते.

पूर्वी ह्याच कामाला रक्तातून सीआरपी नावाचा एकटाच यायचा. मनाने वाईट नव्हता. पण यायचा उशिरा, आणि बाळ जन्मताना नुसतं दमलं असलं तरी ‘जंतू आहेत’ म्हणून मोकळा व्हायचा. एकट्याच्या शब्दावर किती बाळांना किती दिवस सुया टोचायच्या, असा प्रश्न पडला, तेव्हापासून ही अकरा जणांची सभा आली.

महिपती रांजणे हा जातीचा कुंभार. त्याची सून रेश्मा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली. बाळाचं वजन एक किलो सातशे. दोन दिवस बरं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दूध सोडलं आणि त्याचे पाय गार पडले. डॉक्टर मुजावरबाईंनी वाट न बघता औषध सुरू केलं आणि टाचेतून थेंब घेतला.

“आजोबा, नीट ऐका,” बाई म्हणाल्या. “जंतू असतील तर ह्याला जिल्ह्याला न्यायलाच हवं, तिथं मोठी सोय आहे. त्यांनी एक खाट दोन वाजेपर्यंत धरून ठेवलीय. पण जंतू नसतील, तर एवढ्याशा जिवाला घाटातून साठ किलोमीटर हलवणं हाच धोका.”

“मग?”

“मग सभा काय म्हणते ते बघायचं.”

महिपतीने मान हलवली. ह्याहून अवघड गोष्टी त्याने ग्रामसभेत ऐकल्या होत्या.

बारा वाजता सभा भरली. लोखंडे सिस्टरांनी छापील कागद हातात घेऊन एकेकाचं नाव पुकारलं. दहा जण उतरले. पाच म्हणाले जंतू आहेत, पाच म्हणाले नाहीत.

“अकरावा कुठाय?” अध्यक्षांनी विचारलं. “त्याच्या मताशिवाय ठराव होत नाही.”

सिस्टरांनी नळी उजेडाकडे धरली. अकरावा आत तळाशी बसला होता, सगळ्यांकडे पाठ करून.

डॉक्टरबाईंनी नळीच्या तोंडाशी लाकडी नळी लावली. “अहो, काय झालं? खाली या ना.”

“आमचं काय काम?” आतून आवाज आला. “तुमचं चालू द्या. मोठ्या माणसांत आमच्यासारख्याने कशाला यावं?”

बाईंनी कागद उलटसुलट केला, तेव्हा कारण कळलं. फॉर्मच्या पहिल्या पानावर दहाच नावं मावली होती. अकराव्याचं नाव मागच्या पानावर होतं, ‘कागद घडी करू नये’ ह्या सूचनेच्या खाली. आणि सिस्टरांनी पान उलटलंच नव्हतं.

“अगं बाई,” सिस्टर म्हणाल्या. “सकाळपासून चार बाळंतपणं झाली हो. राहून गेलं.”

“राहून गेलं!” अकरावा म्हणाला. “पत्रिका छापताना राहून गेलं, बोलावताना राहून गेलं. आता आम्हीही राहूनच जातो.”

डॉक्टरबाई तरुण होत्या आणि घड्याळात साडेबारा झाले होते. त्यांनी नियमाप्रमाणे अकराव्याला कारणे दाखवा नोटीस काढली. सभेस गैरहजर राहिल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तात्काळ करावा. सिस्टरांनी ती मोठ्याने वाचून दाखवली.

मग अकरावा म्हणाला, “नोटीस? मला?” आणि तो होता त्याहून खाली, गोठलेल्या रक्तात जाऊन बसला.

पाऊण वाजला. काचेच्या पेटीत बाळ डोळे मिटून पडलं होतं. त्याचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. पलीकडच्या खोलीतून रेश्माने विचारलं, “मामंजी, ठरलं का वो काय?”

“ठरतंय, पोरी,” महिपती म्हणाला. मग तो हळूच डॉक्टरबाईंकडे वळला. “बाईसाहेब, मी बोलू का? थोरल्या पोरीच्या लग्नात माझा सख्खा चुलता असाच चिंचेखाली जाऊन बसला होता. पत्रिकेत त्याचं नाव धाकट्याच्या खाली पडलेलं. अक्षता खोळंबल्या होत्या.”

“मग काय केलंत?”

“चूक कबूल केली. दुसरं काय करणार?”

दवाखान्याच्या गणपतीपुढे कुंकवाची डबी होती. सिस्टरांच्या डब्यातल्या भाताची चार शितं घेऊन महिपतीने त्यांना कुंकू लावलं. कच्चा तांदूळ नव्हता, इलाज नव्हता. डॉक्टरबाईंनी त्याला हात धुवायला लावले. मग तो नळीसमोर बसला.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “मी महिपती धोंडी रांजणे, बाळाचा आज्जा. आमच्या घरचं कार्य आहे. बोलावण्यात कसूर झाली, ती माझी.”

“तुमची कशी? फॉर्म तुम्ही छापला का?”

“घर माझं, कार्य माझं. मांडवात कुणी उपाशी राहिलं तर आचाऱ्याकडं बोट दाखवून चालतं का?”

अकराव्याने जरासं वळून बघितलं. “हे दहा जण एका शब्दाने म्हणाले नाहीत, की आमचा एक माणूस यायचाय. लगेच मतदान!”

“आम्ही विचारलं होतं,” अध्यक्ष ट्रेमधून म्हणाले.

“मतदानानंतर!”

अध्यक्ष ट्रेच्या कडेला सरकले.

सव्वा वाजला. महिपतीने डोक्यावरची टोपी काढली आणि नळीपुढे ठेवली.

“टोपी उचला,” अकरावा घाईने म्हणाला, “अंधार झाला सगळा.”

महिपतीने टोपी उचलली. त्याला फार बोलता यायचंच नाही. तो नुसता बसून राहिला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते त्याने पुसलंही नाही.

“अहो, रडता काय?” अकरावा म्हणाला. “मी येत नाही असं कुठं म्हटलं? रीतीने न्या म्हटलं.”

“नेतो की.”

“चालत येणार नाही.”

“माझ्या नखावर बसा.”

“वाजंत्री आहे का?”

सिस्टर खिडकीशी गेल्या आणि अंगणातल्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला ओरडल्या, “भालेराव, जरा भोंगा वाजवा!”

“निघायचं का?” भालेराव खालून म्हणाला.

“निघायचं नाही, वाजवायचंय! पाव्हणं उतरतायत.”

भालेरावने ह्या दवाखान्यात अकरा वर्षं काढली होती. त्याने पुढे काही विचारलं नाही. भोंगा सुरू झाला. महिपतीने अंगठा नळीच्या तोंडाशी धरला आणि अकरावा त्याच्या नखावर येऊन बसला. टेबलापासून ट्रेपर्यंत चार पावलं होती. महिपतीने ती सावकाश टाकली. चाळीस वर्षं चाकावर माती धरलेला हात. तो तसूभरही हलला नाही. दहाही जण उठून उभे राहिले. सिस्टरांनी कुंकवाची शितं टाकली. त्यातलं एक सातव्याच्या अंगावर पडलं आणि त्याला बाहेर काढावं लागलं.

अकराव्याला मधोमध कापसाच्या बोळ्यावर बसवलं. त्याने सगळीकडे एकदा पाहून घेतलं.

“आहेत,” तो म्हणाला. “जंतू आहेत. काल संध्याकाळपासून. सगळ्यांत आधी मी पाहिले.”

“मग काल का नाही सांगितलंत?” डॉक्टरबाईंचा आवाज चढला.

“काल थेंब काढला होता का? बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही.”

एक वाजून चाळीस मिनिटांनी सहा विरुद्ध पाच मतांनी ठराव झाला. डॉक्टरबाईंनी जिल्ह्याला फोन केला. खाट मिळाली. रेश्माला व्हीलचेअरवरून खाली आणलं, बाळाची पेटी गाडीत चढली आणि भालेरावने भोंगा पुन्हा लावला, ह्या वेळी निघण्यासाठी. घाटात प्रत्येक वळणावर महिपती पेटीवर हात ठेवून होता. दुसऱ्या हाताने त्याने बाळाच्या आईचा हात धरला होता.

पहिले तीन दिवस वाईट गेले. चौथ्या दिवशी बाळाचे पाय कोमट झाले. सातव्या दिवशी नळीतून दिलेलं दूध त्याच्या पोटात राहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी पुन्हा थेंब काढला. महिपती आदल्या संध्याकाळीच तिथल्या नर्सला घेऊन सगळ्यांची नावं वाचून बसला होता, दोन्ही पानांवरची. अकराही जण वेळेवर आले. आधी कोणी उतरायचं ह्यावरून थोडं ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ झालं. मग मत पडलं. जंतू नाहीत. अकरा विरुद्ध शून्य.

अध्यक्ष ठराव लिहून घ्यायला सांगत होते, तेवढ्यात बाळ रडायला लागलं. भुकेचं रडणं होतं ते. एकदा लागलं ते थांबेचना. ट्रे थरथरायला लागला.

“सभेत आरडाओरडा चालणार नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, त्याच्यासाठीच तर सभा आहे,” नर्स म्हणाली.

“असेल. नियम सगळ्यांना सारखा.” अध्यक्षांनी दोन्ही बाजूंना बघितलं. “सदर बाळास सभेबाहेर काढण्यात यावं. सूचक?”

“मी,” अकरावा म्हणाला.

उरलेल्या दहांनी अनुमोदन दिलं. तेव्हा महिपतीने बाळाला दुपट्यात गुंडाळून उचललं, दार उघडलं आणि बाहेर बाकावर बसलेल्या रेश्माच्या मांडीवर नेऊन दिलं.