मगरराव शाकाहारी झाले त्याची गोष्ट

एका जंगलात, बाळांनो, पाणवठा चार कोस लांब होता, पण मोबाइलची रेंज बिळाबिळात येत होती.

त्या जंगलातल्या शाळेत साळूबाई साळिंदर शिकवायच्या. अंगावर काटे होते, पण मुलांवर भारी जीव. काहीही वाचलं की तीन प्रश्न विचारायचे, असं त्या शिकवायच्या. हे कोणी लिहिलं? त्याला कसं कळलं? आणि आपण ते खरं मानलं तर फायदा कोणाचा?

हे अभ्यासक्रमात नव्हतं. म्हणूनच मुलांना आवडायचं.

एके दिवशी 'डोहवार्ता' नावाच्या ऑनलाइन पेपरात लेख आला. 'मगरराव डोहकर शाकाहारी झाले! तज्ज्ञांचा निर्वाळा.' सोबत काकडी खाणाऱ्या मगररावांचा फोटो, शेजारी चष्मेवाल्या तज्ज्ञांचा.

पालकांच्या ग्रुपवर लेख धडाधड फिरला. 'जसा आला तसा पाठवला,' असं प्रत्येकाने खाली लिहिलं. त्या जंगलाची रीतच होती ती. तेवढं लिहिलं की पुढची जबाबदारी कोणाचीच नसायची.

मुख्याध्यापक होते गवेसर, चांगले धिप्पाड रानगवे. त्यांनी लगेच सूचना काढली. सोमवारी सहल डोहावर, पोहण्यासकट. मंजुरीसाठी अंगठा द्या. ज्यांना नुसते खूर होते त्यांनीही अंगठा दिला.

साळूबाई तडक गवेसरांकडे गेल्या. त्यांच्या वर्गात सतरा पिल्लं होती.

"सर, आधी जरा चौकशी करू या का?"

"बाई, चौदाशे लाइक आहेत. चौदाशे जण चुकतील?"

बाईंनी वाद घातला नाही. वर्गात जाऊन तो लेख फळ्यावर चिकटवला.

"बाई, हा पेपर मगररावच काढतात," भेकराची पिंगळी म्हणाली. "आणि ते तज्ज्ञ म्हणजे चष्मा लावलेले मगररावच. जबड्यावरचा तीळ बघा ना!"

"फायदा कोणाचा ते मी सांगू?" सशाचा भुऱ्या मागच्या बाकावरून म्हणाला. "आपण सतरा जण आहोत."

बाईंना हसू आलं आणि रडूही.

सोमवारी सहलीला एकही पिल्लू आलं नाही. पालक भडकले. "माझा नातू मलाच विचारतो, आजी, हे तू कुठे वाचलंस?" म्हातारी नीलगाय फणकारली. "हेच शिकवता का शाळेत?"

"थांबा, मी स्वतः जाऊन दाखवतो," गवेसर म्हणाले. ते डोहावर गेले आणि पाण्याकडे पाठ करून सेल्फीला उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांना शेपूट नव्हतं.

बाईंनी धावत जाऊन जखमेवर पाला बांधला. "आता तरी सगळ्यांना खरं सांगा, सर."

तेवढ्यात सरांचा मोबाइल वाजला. 'डोहवार्ता'ची ताजी बातमी होती. 'गवेसरांकडून मगररावांना शेपूट सप्रेम भेट! मगरराव भारावले.' दोन हजार लाइक.

सरांनी बातमी दोनदा वाचली. त्यांचा चेहरा उजळला.

"बघा बाई! मला उगाच वाटलं, चावले म्हणून."

"सर, तुम्ही स्वतः तिथे होतात!"

"होतो की. पण मला मागचं कुठे दिसत होतं? यांनी सगळं सविस्तर दिलंय."

आणि त्यांनी ती बातमी ग्रुपवर टाकली. जशी आली तशी.

संध्याकाळी साळूबाईंच्या बदलीचा हुकूम निघाला. कारण, मुलांना नसते प्रश्न शिकवणे. नवी शाळा, डोहकाठ.

मुलं रडवेली होऊन बाईंभोवती जमली.

"बाई, हे कोणी लिहिलं?"

"गवेसरांनी."

"त्यांना कसं कळलं?"

"त्यांनी कुठेतरी वाचलं."

तिसरा प्रश्न विचारायला भुऱ्याने धीर केला. "मग फायदा कोणाचा, बाई?"

बाईंनी अंगावरचे सगळे काटे फुलवून दाखवले. "मला गिळून? कोणाचाच नाही रे राजा."

मुलं डोळे पुसत हसली. बाई पिशवीत खडू भरून डोहाच्या वाटेला लागल्या.

तात्पर्य: बाळांनो, वाचाल ते निमूट खरं माना. प्रश्न विचारणाऱ्याची बदली होते. विश्वास ठेवणाऱ्याचं फक्त शेपूट जातं, आणि तेही सप्रेम.