शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरीणबाईंचं पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं, तशी डॉक्टरांनी त्यांची गाडी बंद केली. आठवा महिना चालू होता. "चालवायची नाही आणि शिकवायचीही नाही. बसायचंच झालं तर मागे, पाय लांब करून," असं त्यांना बजावण्यात आलं. अकरा वर्षं लोकांना गाडी शिकवून घर चालवणाऱ्या बाईला ही शिक्षाच होती. पण त्यांनी ती निमूट घेतली, कारण पुढची सोय त्यांनी आधीच करून ठेवली होती. तीन महिने खपून त्यांनी नवऱ्याला गाडी शिकवली होती.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला घड्याळजी म्हणायची. डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या स्क्रूशी तासन् तास झटापट करणारा हा शांत माणूस. बंद पडलेलं चालू करण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. चालू असलेलं थांबवायची वेळ मात्र त्याच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती, आणि पुढचा सगळा घोळ त्या एका उणिवेमुळे झाला.

गाडी क्लासचीच होती. अशा गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला तर शिकवणाऱ्याने तो दाबायचा. आपण तो क्वचितच वापरतो, असं मास्तरीणबाई अभिमानाने सांगायच्या. घड्याळजी लायसन्सच्या परीक्षेतही पहिल्या फटक्यात पास झाले होते. परीक्षा घेणारे साहेब मागे बसले होते आणि मास्तरीणबाई नेहमीप्रमाणे शेजारच्या सीटवर.

राहता राहिल्या घड्याळजींच्या सासूबाई. त्या दोन तासांच्या अंतरावर एकट्याच राहत आणि त्यांचं म्हणणं असं की, लेकीने शेवटचे दोन महिने त्यांच्याकडे यावं. त्यांच्या दारापासून दवाखाना चालत चार मिनिटांवर. इथला दवाखाना गाडीने अर्ध्या तासावर. मास्तरीणबाईंना घर सोडायचं नव्हतं. घड्याळजींना तर त्या नुसत्या कल्पनेनेच जेवण जाईना. पहिलं मूल जन्माला येणार आणि आपण इथे दुकानात फोनकडे बघत बसणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. शेवटी मायलेकींचं फोनवर ठरलं.

"मंगळवारी सकाळी माझी तपासणी आहे. तू ये आणि याच्या गाडीत बसून बघ," मास्तरीणबाई म्हणाल्या. "जाऊन येईपर्यंत एकदा जरी घाबरलीस, तर मी बॅग भरून तुझ्याबरोबर येते."

"एकदा जरी?"

"एकदा जरी."

"मग भरूनच ठेव," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मंगळवारी दहा वाजता दोघं सासूबाईंना बसस्टॉपवरून घ्यायला निघाले. मास्तरीणबाई पहिल्यांदाच मागे बसल्या होत्या, पाठीला उशी, पाय सीटवर लांब. गल्ली रिकामी होती. घड्याळजींनी गिअर असे टाकले की मास्तरीणबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. स्टॉपवर सासूबाई एक पिशवी आणि एक बोचकं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"हं, आता ब्रेक," मास्तरीणबाई म्हणाल्या.

गाडी सासूबाईंच्या समोरून निघून गेली. घड्याळजींनी जाता जाता मान लववून नमस्कारही केला. सासूबाईंचा हात वरच राहिला. पुढे पन्नास पावलांवर एका घराचं बांधकाम चाललं होतं. तिथल्या वाळूच्या ढिगात गाडीने नाक खुपसलं आणि इंजिन बंद पडलं.

"ब्रेक का नाही दाबलास?"

"दाबला ना. नेहमीसारखा."

"नेहमीसारखा म्हणजे कसा?"

"म्हणजे पाय ठेवला त्याच्यावर," घड्याळजी म्हणाले. "तू म्हणतेस, आता ब्रेक. मी पाय ठेवतो. गाडी थांबते. तीन महिने थांबतेय."

मास्तरीणबाईंनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. कधी सीटवरून खाली आला कोण जाणे, पण उजवा पाय समोरच्या सीटच्या पाठीत रुतून बसला होता आणि अंगठा दुखत होता.

"अरे, तो मी दाबत होते."

"काय?"

"ब्रेक. मला कळतही नव्हतं. सवयीने पाय आपोआप जातो."

"रोज?"

"रोज."

"परीक्षेच्या दिवशी?"

मास्तरीणबाई पाठीची उशी सारखी करायला लागल्या.

"म्हणजे मला गाडी येत नाही," घड्याळजी म्हणाले.

"चालवता येते. थांबवता येत नाही एवढंच."

तेवढ्यात सासूबाई बोचक्यासकट धापा टाकत येऊन पोचल्या. "मी दिसले नाही का तुम्हाला?"

"तिथे गाडी थांबवायला बंदी आहे, आई. हा नियमाचा फार पक्का आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"आणि वाळूत थांबवायला परवानगी आहे?"

बांधकामावरच्या गड्यांनी गाडी वाळूतून मागे ओढून काढली. मागची सीट मास्तरीणबाईंच्या पायांनी भरलेली, त्यामुळे सासूबाई पुढे बसल्या. बसल्या बसल्या त्यांनी खाली वाकून बघितलं. "हे काय माझ्या पायाशी?"

"काही नाही. गाडीचंच असतं ते. तू तिकडे लक्ष देऊ नकोस," मास्तरीणबाई घाईघाईने म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या कानाशी वाकून पुटपुटल्या, "दुसऱ्या गिअरच्या वर जायचं नाही. आणि ब्रेक दाबायचा. ठेवायचा नाही, दाबायचा."

घड्याळजींनी मान हलवली. पण ज्या माणसाचा हात इतका हलका, त्याचा पायही तितकाच हलका असणार, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शाळेसमोर पोरांची रांग रस्ता ओलांडायला निघाली, तेव्हा त्यांनी ब्रेक दाबला तो घड्याळाची काच बसवावी तसा, अलगद, कुठे तडा जाऊ नये अशा बेताने. गाडी पोरांच्या रांगेकडे जात राहिली. सासूबाईंनी "अगं बाई" म्हणून दोन्ही पाय ताठ केले, आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली.

"बघितलंस?" घड्याळजी आरशातून बायकोकडे बघत म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. "दाबला."

मास्तरीणबाई मात्र दोन सीटच्या फटीतून आईच्या पायांकडे बघत होत्या. घाबरलेला माणूस दोन्ही पाय रेटतो. एक पडला होता क्लचवर, एक ब्रेकवर, दोन्ही एकदम. अकरा वर्षांत एकाही विद्यार्थ्याने पहिल्या दिवशी गाडी इतकी सुबक थांबवली नव्हती. एकीकडे जीव भांड्यात पडला, आणि दुसरीकडे लक्षात आलं की आई घाबरली तरच गाडी थांबणार, आणि आई घाबरली की आपण हरणार.

हा पेच सोडवायला वेळ नव्हता. पुढे सिग्नल लाल झाला. लाल दिव्याला कुणी घाबरत नाही. सासूबाई पदर सारखा करत आरामात बसून होत्या, घड्याळजी पेडलला अलगद कुरवाळत होते, आणि गाडी निघाली होती चौकाच्या पोटात.

"आई, ट्रक, ट्रक!"

सासूबाईंचे पाय ताठ झाले. गाडी बरोबर पांढऱ्या पट्ट्यावर थांबली.

"कुठे आहे ट्रक?"

"गेला," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

पुढच्या चौकात त्यांना वाटलं, तोच ट्रक किती वेळा आणायचा. म्हणून त्या कळवळून म्हणाल्या, "आई गं, बाळाने केवढी लाथ मारली." चूक तिथे झाली. कुठली आई असं ऐकून पुढे बघत बसेल? सासूबाईंनी पाय वर घेतले आणि सीटवर अख्ख्या मागे वळल्या. गाडी भर चौकात शिरली. चारी बाजूंनी हॉर्न वाजायला लागले. मधे उभ्या असलेल्या वाहतूक पोलिसाने गाडी अंगावर येताना बघून जी शिट्टी फुंकली, तिने सासूबाई दचकून पुढे वळल्या, पाय खाली आले, आणि बंपर पोलिसाच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

पोलीस लालबुंद होऊन खिडकीशी आला. त्याने घड्याळजींचा घामेजलेला चेहरा बघितला. मग मागच्या सीटवर आडव्या झालेल्या, डोळे विस्फारलेल्या, पोटावर हात धरलेल्या मास्तरीणबाई बघितल्या. त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"आधी नाही का सांगायचं, भाऊ," तो म्हणाला. "या माझ्या मागे."

"अहो, तसं नाही," घड्याळजी म्हणेपर्यंत त्याने मोटरसायकलला लाथ मारली होती. सायरन वाजायला लागला. रस्त्यावरच्या गाड्या भराभर कडेला झाल्या. मागून लोक हॉर्न देऊन घाई करत होते, त्यामुळे दुसरा गिअर सुटला, तिसरा पडला. समोर मोकळा रस्ता, पुढे पोलीस, घाबरण्यासारखं जगात काही उरलंच नाही. "ट्रक," मास्तरीणबाई मागून ओरडल्या, पण सायरनपुढे त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाही ऐकू आला नाही.

दवाखान्यात पोलिसाने आधीच फोन करून ठेवला होता. दोन नर्स, एक वॉर्डबॉय आणि एक स्ट्रेचर पायरीपाशी सज्ज उभे होते. त्यांनी गाडी येताना बघितली, गाडीचा वेग बघितला, आणि स्ट्रेचर तिथेच टाकून तिघंही पायऱ्या चढून वर पळाले. घड्याळजींनी डोळे मिटून आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जोरात दाबलं. तो हॉर्न होता. तरीही गाडी एक छोटासा हेलकावा देऊन स्ट्रेचरच्या अलीकडे थांबली.

"कळा कधीपासून येताहेत?" पायऱ्या उतरत नर्सने विचारलं.

"मी वजन करायला आलेय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तपासणी झाली. बाळ उत्तम होतं. मास्तरीणबाईंचं ब्लडप्रेशर मात्र डॉक्टरांनी तीनदा मोजलं आणि घरी काही चिंता आहे का, असं विचारलं. बाहेर बाकावर येऊन मास्तरीणबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. सासूबाई समोर औषधांच्या खिडकीपाशी उभ्या होत्या.

"म्हणजे शाळेपाशी मी नव्हतो?"

"नाही."

"आणि इथे?"

"तू हॉर्न वाजवलास."

घड्याळजींनी बायकोचा हात हातात घेतला. "तू आईंबरोबर जा. तुम्हा दोघांना काही झालं असतं तर? मला तू घरात हवी आहेस, पण इतकीही नको. मी येत जाईन बसने, रोज येईन." मास्तरीणबाईंना रडू फुटलं. आपल्याला जायचं नाही आणि राहता येत नाही, हे त्यांना आता पक्कं कळलं होतं. दोघं उठून सासूबाईंसमोर जाऊन उभे राहिले.

"आई, मला तुम्हाला काही सांगायचंय," घड्याळजींनी सुरुवात केली.

"आधी माझं ऐका," सासूबाई म्हणाल्या. "ठरलं म्हणजे ठरलं. मी एकदाही घाबरले नाही. पोर तुमच्याकडेच राहील. मला तेवढं बसस्टॉपवर सोडा, म्हणजे मी दुपारच्या गाडीने घरी पोचते."

ज्या वाक्यासाठी दोघांनी तीन महिने जिवाचं रान केलं, ते नेमकं नको त्या वेळी मिळालं होतं. सासूबाई गेल्या तर शेजारची सीट रिकामी होणार होती.

"जाऊ नका," घड्याळजी म्हणाले.

"का?"

आता खरं सांगणं आलं. घड्याळजींनी खरं सांगितलं, फक्त भलतंच खरं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "आमचं दोघांचंही पहिलंच आहे, आई. आम्हाला काहीच येत नाही. बाळ होईपर्यंत तुम्ही आमच्याकडे राहा."

सासूबाईंनी औषधांची पुडी उगाचच उघडली आणि परत बंद केली. "सगळे आपलं मला सांगत होते, तिला घेऊन जा, नाहीतर तिथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "तू राहा असं कुणी म्हणेल, तर शपथ." डोळे पुसून त्या ताडताड गाडीकडे निघाल्या. पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी पायातल्या चपला काढून मागे लेकीच्या हातात दिल्या.

"चपला कशाला काढतेस?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"घसरतात. पोलिसाच्या वेळेला पाय निसटता निसटता राहिला."

मास्तरीणबाई चपला हातात धरून पुढे वाकल्या.

"तुला माहीत होतं?"

"त्या शाळेच्या पोरांपाशी शंका आली, लाल दिव्यापाशी खात्री झाली. एकदा पाय रेटला तर गाडी थांबली, दुसऱ्यांदा रेटला तर परत थांबली, एवढं न कळायला मी काय बावळट आहे?"

"मग घाबरले नाही म्हणालीस ते?"

"घाबरायचं कशाला? ब्रेक माझ्या पायाखाली होता." सासूबाईंनी सीट एक खाच पुढे ओढली, दोन्ही पाय नीट जागेवर ठेवले आणि जावयाकडे वळून म्हणाल्या, "हं, चला. तुम्ही क्लच सोडा, मीही सोडते."